पवळीचं शुद्ध रक्त

हनुमंत माझा विद्यार्थी, हे मी गेल्या मार्चपर्यंत चारचौघांत अभिमानानं सांगत असे.

शिवऱ्यात हायवेच्या कडेला त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, भुसा, कडवळाचं बियाणं असा माल तिथं मिळतो, आणि सल्ला मिळतो. माल कधीकधी संपतो. सल्ला संपल्याचं गेल्या वीस वर्षांत कुणी ऐकलेलं नाही. जनावर आजारी पडलं की आमच्याकडची निम्मी माणसं आधी हनुमंताला बोलावतात, कारण डॉक्टर कामात असतात आणि हनुमंत मोकळा असतो.

एवढं ज्ञान कुठून मिळवलंस, असं कुणी विचारलं की तो माझं नाव सांगतो. "आमाला बाईंनी शिकवलंय. पाया पक्का हाय." मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन मला अठरा वर्षं झाली. आपण बांधलेले पाये अजून उभे आहेत म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

त्यात रक्ताभिसरण हा तर माझा खास धडा. आमच्या शाळेत हृदयाचा एक गुंडाळायचा तक्ता होता. खालीवर काठ्या, त्याला वॉर्निशचा वास, अर्धं हृदय लाल आणि अर्धं निळं. एका पावसाळ्यात वाळवीनं उजवं अलिंद खाल्लं, तर मी तेवढी जागा खडूनं भरून पुढची तीन वर्षं काढली. "लाल ते शुद्ध रक्त," मी पट्टीनं दाखवायचे. "ते फुफ्फुसातून प्राणवायू घेऊन सगळ्या अंगाला पोचवतं. निळं ते अशुद्ध. ते अंगातला कर्बद्विप्राणिद गोळा करून परत आणतं." कार्बन डायऑक्साइडला तेव्हा कर्बद्विप्राणिद म्हणत असत. पोरांची जीभ आठवडाभर वळायची नाही, पण एकदा वळली की जन्माची वळली. हा वायू रक्तातल्या पाण्यात विरघळून जातो हे पटावं म्हणून मी भोरच्या स्टँडवरून गोळी सोड्याची बाटली आणायचे, वर्गासमोर फोडायचे आणि उरलेला सोडा शिपाई प्यायचा.

धड्याच्या शेवटी मी विचारायचे, "रक्त लाल भडक, म्हणजे?" पन्नास पोरं खिडक्या हलतील अशी ओरडायची, "शुद्ध!" "काळपट?" "अशुद्ध!" तपासणीला आलेल्या साहेबांनी याच धड्यावर मला 'उत्तम' शेरा दिला होता. तो कागद मी जपून ठेवला. भिंतीवर लावला नाही, एवढा विनय माझ्यात होता.

तर मार्चमधली गोष्ट. माझ्या घराला लागून अश्विनीचा गोठा आहे. तिचा नवरा टेम्पो घेऊन हायवेनं पार हुबळीपर्यंत जातो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. गोठ्यात एकच गाय, पवळी. ही तिच्या आईनं दिलेली, वेल्ह्याकडची डोंगरी गाय. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं असतं, पण पवळीला ते अजून कुणी कळवलेलं नाही. आई दिवाळीत गेली. तेव्हापासून अश्विनी रोज सकाळी धार काढताना गाईशी बोलते. 'आज काय केलंस गं आये' अशी सुरुवात असते. माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू येतं, आणि ऐकू न आल्यासारखं दाखवायला या वयात फार कष्ट पडतात.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पवळीनं दावं तोडलं आणि ती शेजारच्या कडवळात शिरली. कडवळ म्हणजे वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी. मोटर जळाल्यामुळं बारा दिवस त्याला पाणी नव्हतं. गुडघ्याएवढं वाढून तिथंच थांबलं होतं, पानं सुरळीसारखी वळली होती. अश्विनीनं दहा मिनिटांत गाईला ओढून आणलं, दोन शिव्या दिल्या आणि बांधलं. पाव तासानं तिची हाक आली.

"बाई! अवो बाई, पवळी कशी करतीया बघा की!"

मी काठी घेऊन गेले. पवळीनं मान पुढं ताणली होती, तोंड उघडं, लाळ गळत होती, आणि कुशी भात्यासारख्या हलत होत्या. पाय थरथरत होते. अश्विनी एका हातानं तिची मान धरून दुसऱ्या हातानं फोन लावत होती.

"डॉक्टर शेफाली मॅडमचा फोन लागंना. वेल्ह्याच्या अंगाला गेल्यात, रेंज न्हाई. हनुमंतदादांना बोलावलंय."

हनुमंत आलाच होता. तो गोठ्यात शिरला तो मोबाईल समोर धरून.

"मंडळी, आपन आत्ता अश्विनीताईंच्या गोठ्यात आलोय. उन्हाळ्यात जनावराची काळजी कशी घ्यायची..."

"हनुमंता, आधी गाय बघ," मी म्हटलं.

"बघतोय की बाई. मोबाईलातनं जरा मोठी दिसती." त्यानं मोबाईल खिशात टाकला. "काय खाल्लं हिनं?"

"कडवळ," अश्विनी म्हणाली.

"बी माज्याच दुकानातलं ना?"

"व्हय."

"मग कडवळाचा प्रश्न मिटला. माल एक नंबर हाय. आता दुसरं काय ते बघू."

अशा रीतीनं निदानाचा पहिला टप्पा पार पडला. हनुमंतानं पवळीचा ओठ वर केला. हिरड्या लालबुंद होत्या. "बघा, तब्येत कशी हाय! काय रंग हाय!" मग त्यानं पिशवीतून सुई काढली, कानाची शीर टोचली आणि रक्ताचा थेंब आपल्या दुकानाच्या पांढऱ्या पावतीवर घेतला. थेंब कुंकवासारखा लाल होता. ती पावती त्यानं माझ्यासमोर धरली. तोंडी परीक्षेला मी बसले होते आणि तो परीक्षक होता.

"बाई, काय हे?"

"लाल भडक," मी म्हटलं.

"लाल भडक, म्हंजी?"

आणि मी, एकतीस वर्षांचा अनुभव, 'उत्तम' शेरा, वगैरे वगैरे, त्या पावतीकडं बघून म्हटलं, "शुद्ध."

अश्विनीनं माझा हात धरला. "बाई, खरंच? मग येवढी धाप का लागलीया तिला? तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

"रक्तात प्राणवायू भरपूर आहे," मी सांगितलं. "कमी असता तर रक्त काळपट दिसलं असतं." वाक्य पुस्तकातलं होतं, एकही शब्द इकडचा तिकडं नव्हता. मला आठवतंय, सांगताना मला थोडं छानही वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणी धडा विचारला होता.

"ऊन लागलंय, बाकी काय न्हाई," हनुमंत म्हणाला. "सावलीला बांधा. ताक पाजा. माज्याकडं एक पावडर हाय, ती बी द्या."

सावली झाली, ताक झालं. ताक अर्धं पवळीच्या पोटात गेलं आणि अर्धं हनुमंताच्या शर्टावर. तो पावडर आणायला दुकानाकडं निघणार, एवढ्यात पवळीचे मागचे पाय वाकले आणि ती बसली. बसली म्हणजे खाली आलीच. शुद्ध रक्ताची, लालबुंद हिरड्यांची, तब्येतीनं उत्तम गाय डोळे फिरवायला लागली. आम्ही दोघे विद्वान एकमेकांकडं बघत राहिलो. यात वीस मिनिटं गेली होती.

तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला. डॉक्टर शेफाली. मार्गासनी गावाच्या अलीकडं आल्यावर त्यांना रेंज मिळाली होती. अश्विनीनं फोन स्पीकरवर टाकला.

"काय खाल्लंय?"

"कडवळ खाल्लं मॅडम. वाळल्यालं, पाणी नव्हतं त्याला. पन बाई म्हनत्यात रक्त शुद्ध हाय, लाल भडक."

पलीकडं क्षणभर शांतता. मी शाळेत असताना कुणी भलतंच उत्तर दिलं की मीही अशीच गप्प व्हायचे, म्हणून ती शांतता मला ओळखू आली.

"अश्विनीताई, जगनकाकांना बोलवा. आत्ताच्या आत्ता. हायपो घेऊन या म्हणावं. आणि त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. मी अर्ध्या तासात पोचते."

जगन ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. हाही माझाच विद्यार्थी, हनुमंताच्याच वर्गातला. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून नुकताच निवृत्त झाला होता. त्याचं नाव मी चारचौघांत कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. परिचर झाला, यात बाईंनी काय सांगायचं!

तो मोपेडवरून आला. मांडीत पत्र्याचा डबा. गाडी लावायच्या आधीच त्यानं लांबून गाईकडं बघितलं आणि म्हणाला, "किराळ लागली."

हा शब्द मी जवळजवळ पन्नास वर्षांनी ऐकला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "कोवळ्या जोंधळ्यात गुरं सोडू नका, किराळ लागंल." मी तेव्हा नवी नवी बी.एस्सी., बी.एड. किराळ म्हणजे किडा, की भूत, की नजर, असं मी त्यांना हसत विचारलं होतं. त्यांना सांगता आलं नाही. माझ्या पुस्तकात तो शब्द नव्हता, म्हणून तो आजार पण नव्हता.

"जगन, रक्त तर लाल आहे रे," मी म्हटलं. अजूनही माझा हेका सुटला नव्हता.

"त्येच तर वाईट हाय ना, बाई," तो डब्याचं झाकण उचकटत म्हणाला. "वाळल्या कडवळात ईख तयार होतं. सायनाइड. अश्विनी, बाटली आण रिकामी, आन् कोमट पाणी. ते ईख रक्ताला कायबी करत न्हाई, ते पेशीत जाऊन बसतं. मग काय व्हतं, स्वारगेटवरनं यष्टी भरून आली, फाट्यावर लोकं वाट बघत हुबी, पन गाडीचं दारच उघडंना. कुनी उतरंना. गाडी तशीच भरल्याली माघारी. रक्त जाताना बी लाल, येताना बी लाल. पेशी प्राणवायू घेतच न्हाईत, मग कर्ब तरी कुठनं तयार व्हायचा? परत न्यायला कायच न्हाई. गाय भरल्या गाडीपाशी उपाशी मरती."

एवढं बोलेपर्यंत त्यानं डब्यातले पांढरे खडे मापून पाण्यात विरघळवले होते. हनुमंतानं डब्यावरचं पुसट नाव वाचलं.

"आरं, हे तर फोटो धुवायचं! भोरातल्या स्टुडिओतलं. जगन्या, गाईचा पासपोर्ट काढायचाय व्हय?"

"आदी तिला हितं ऱ्हाऊ तर दे," जगन म्हणाला. "मग पासपोर्टचं बघू. डोकं धर तिचं. लई वर न्हाई. नाकात गेलं तर त्यानंच मरंल."

नंतर त्यानं मला सांगितलं, फोटो पक्का करायला जे हायपो लागतं तेच या विषाला बांधतं. पूर्वी औषध लगेच मिळायचं नाही तेव्हा डॉक्टर लोक त्याला भोरच्या फोटोवाल्याकडं पिटाळायचे. डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला, तेव्हा शेवटचा डबा त्यानं मागून घेतला. माझ्या लग्नाचा फोटो त्याच स्टुडिओत धुतलेला आहे. अजून पिवळा पडलेला नाही. नवरा काविळीनं पिवळा पडला होता, फोटो नाही.

हनुमंतानं डोकं धरलं, अश्विनीनं जबडा, जगननं घोट घोट करून बाटली रिकामी केली. दर घोटानंतर तो थांबायचा, गळ्यावर हात ठेवून गिळलं का बघायचा. मला कुणी काही सांगेना. एकतीस वर्षांत प्रथमच वर्गात मला काम नव्हतं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी घड्याळ बघा बाई. कूस मोजा, मिनिटाला कितींदा हलती. चुकू नका म्हंजी झालं."

मी बादली उपडी घालून बसले आणि मोजायला लागले. बहात्तर. चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. अश्विनी पवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. गाईच्या कपाळावरून हात फिरवत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दोनदा न्हाई जायाचं आये, दोनदा न्हाई जायाचं." हे ऐकून मी एकदा आकडा चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजला.

शेफाली डॉक्टर आल्या त्या गाडीतून उतरतानाच औषध भरत. त्यांनी मानेची शीर धरली आणि पहिलं इंजेक्शन सावकाश सोडायला सुरुवात केली.

"आता घाबरू नका," त्या अश्विनीला म्हणाल्या. "हिचं रक्त जरा तपकिरी होईल. चॉकलेटसारखं."

"म्हंजी?" हनुमंतानं विचारलं.

"या औषधानं थोडं रक्त मुद्दाम बिघडवायचं असतं. त्या बिघडलेल्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. पण विषाला पेशीपेक्षा ते जास्त आवडतं. विष पेशी सोडून तिकडं जातं आणि पेशी मोकळ्या होतात. मग दुसरं औषध, जगनकाकांनी पाजलं तेच, पण शिरेतून. ते विषाला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं."

"म्हंजी चांगलं शुद्ध रक्त आपन पैशे देऊन नासवायचं?"

"थोडंसं. मापून."

हनुमंतानं माझ्याकडं बघितलं. बाई आता तरी याला आक्षेप घेतील अशी त्याची अपेक्षा होती. मी घड्याळाकडं बघितलं.

दुसरं इंजेक्शन झालं. आता वाट बघायची, डॉक्टर म्हणाल्या, आणि फोनवर पुढच्या गावाला 'थोडा उशीर होईल' असं सांगायला अंगणात गेल्या. हनुमंत भिंतीला टेकून शर्टावरचं ताक पुसत होता. जगन पवळीच्या पाठीला टेकण लावून माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मी अडुसष्ट मोजले.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या आठवीच्या सहामाहीला ह्येच आलंतं. रक्ताभिसरणाची आकृती. आठवतं का?"

मला सगळं आठवतं. गावात माझी तशी ख्यातीच आहे. एकोणऐंशी साल, आठवी ब. खिडकीजवळच्या बाकावर कोण बसायचं, खडू कोण खायचं, बेडकाच्या तासाला कोण चक्कर येऊन पडलं, सगळं. "हनुमंताला दहापैकी नऊ होते," मी म्हटलं. "लाल निळं सुरेख रंगवलं होतं त्यानं."

"आन् मला?"

ते आठवेना.

"सात. माज्याकडं रंगीत पेन्सिली न्हवत्या. म्या साध्या पेन्सिलीनं नुसते बाण काढलं. जानारं, येनारं. तुमी लाल शाईनं लिवलं, रंग भरले नाहीत, दोन गुण कमी."

लाल शाई माझीच असणार.

"त्याच्या आदी वर्गात म्या तुमाला विचारलंतं," जगन सांगत होता. आवाजात राग नव्हता, गाईच्या कानाला हात लावून तो थंड आहे का बघत होता. "म्हनलं, बाई, तेच रक्त जातं आन् तेच माघारी येतं, मग येताना ते अशुद्ध कसं? अशुद्ध म्हंजी बाटल्यालं का? तर मागनं कुनीतरी म्हनलं, यांच्या वस्तीतनं जाऊन आलं की बाटतंय. समदा वर्ग हसला."

भिंतीजवळ शर्ट पुसणारा हात थांबला होता. "आरं, लहान होतो तवा," हनुमंत म्हणाला.

"म्या बी लहानच व्हतो," जगन म्हणाला.

"मग मी काय म्हटलं?" मी विचारलं. मला वाटलं, मी काहीतरी म्हटलं असेलच. मी तशी कडक होते. पट्टीसाठी प्रसिद्ध होते.

"तुमी काय न्हाई म्हनला. फळ्याकडं तोंड केलं आन् फुडचं लिवाय लागला."

वाळवीनं खाल्लेलं अलिंद मला आठवत होतं, सोडा पिणाऱ्या शिपायाचं नाव आठवत होतं. आणि हे नाही. इतकी सोयीची स्मरणशक्ती मिळायला नशीब लागतं. मी पुन्हा कूस मोजायला लागले. त्या वेळी फळा होता, आता कूस होती.

साठ. पुन्हा मोजलं. बावन्न.

"बावन्न," मी मोठ्यानं म्हटलं. डॉक्टर अंगणातून आत आल्या. जगन सरसावून बसला. पुढच्या मिनिटाला सेहेचाळीस झाले. पवळीनं डोळे फिरवायचं थांबवलं आणि अश्विनीच्या मांडीवर एक लांब फुंकर सोडली. मग चाळीस. मग छत्तीस, आणि ते टिकले. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या. मघाची ती लालबुंद तब्येत पार गेली होती, हिरड्या मळकट तपकिरी दिसत होत्या. त्यांनी कापसानं सुईची जागा पुसली. कापसाला लागलेलं रक्त विटकरीपेक्षा काळं होतं.

कुणी सांगायच्या आत अश्विनीनं तो कापूस उचलला आणि माझ्यापुढं धरला. डॉक्टर समोर उभ्या होत्या, जगन होता, तरी तिनं मलाच विचारलं. पाया पक्का असल्याचा हा असा त्रास असतो.

"बाई, काळं पडलं की हे. अशुद्ध झालं का? मघाशी शुद्ध होतं तवा मरत व्हती, आता काय समजायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "थोडा काळेपणा औषधाचा आहे, तो उतरेल. थोडा खरा आहे. पेशी प्राणवायू घ्यायला लागल्या."

"ते कळलं मॅडम," अश्विनी म्हणाली. तिला कळलं नव्हतं. "पन बाई, ह्या रक्ताला म्हनायचं काय?"

हनुमंतानं तोंड उघडलं होतं. उत्तर त्याला पाठ होतं, मीच पाठ करून घेतलं होतं. मी काठी आपटली. ते शाळेपासूनचं आहे, त्याचं तोंड मिटलं.

"परतीचं," मी म्हटलं. "भरून गेलं, उतरवलं, निघालं परत. परतीचं रक्त. यात बाटलेलं काही नाही. कधीच नव्हतं."

"पन बाई, पुस्तकात तर..." हनुमंत.

"पुस्तकात चूक होती. आणि पुस्तक कोण शिकवत होतं ते तुला माहीत आहे." एवढं म्हणायला मला पाणी प्यावं लागलं.

जगन रिकामी बाटली पिशवीत घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मग बाई, ते दोन मार्क वाढवनार का?"

"आता वाढवून काय करतोस? निवृत्त झालास तू."

"बढती न्हाई तर न्हाई. पेन्शन तरी वाढंल."

"ते दोन गुण कुणाचे कापायचे होते," मी म्हटलं, "ते मात्र मला आता समजलं." हनुमंत शर्टाकडं बघत राहिला. जगन पहिल्यांदाच हसला, आणि मी बादलीवरून उठून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. शहात्तराव्या वर्षी खाली बसणं सोपं असतं, उठायला माणूस लागतं.

"जगन," मी म्हटलं, "त्या दिवशी मी फळ्याकडं तोंड करायला नको होतं."

त्यानं पवळीच्या गळ्याखाली हात घातला आणि दुसरा हात मला धरायला पुढं केला, कारण गाय पुढचे गुडघे रोवून जोर लावायला लागली होती आणि मी नेमकी तिच्या खुरांसमोर होते.

"अवो, सरका की दोघं बी!" अश्विनी ओरडली. "तिला उठायचंय!"